गरब्याच्या स्टेजसाठी पिकअप बदलायचेत? आधी आवाज कुठे बिघडतो ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे स्ट्रॅट (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर) घडणीची, स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार आहे. पिकअप म्हणजे तारांखालची चुंबक-कॉइल, ती तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलते. ब्रिजला (तारा अडकतात त्या टोकाला) हंबकर, म्हणजे दोन कॉइल्सचा पिकअप, मध्ये आणि नेकला (दांड्याकडे) सिंगल कॉइल, म्हणजे एका कॉइलचा. घरी छोट्या अँपवर हिंदी गाणी आणि थोडं रॉक वाजवता, नवरात्रात बडोद्यातल्या एका गरबा ग्रुपबरोबर नऊ रात्री स्टेजवर असता. मैदानात हमिंग येतं, आवाज ‘मेलेला’ लागतो, आणि ढोल-ऑक्टोपॅड सुरू झाले की गिटार कुठे गेली ते तुम्हालाच कळत नाही. दुकानदार म्हणतो, १६ किलो-ओमचा हॉट, म्हणजे जोरदार पिकअप टाका. मित्र म्हणतो, अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारे घ्या. खिशात बारा हजार आहेत. कुठला घेऊ?

मॉडेलकडे येतोच, पण आधी एक गोष्ट. तुम्ही एका दमात तीन वेगळी दुखणी सांगितली आहेत: हमिंग, मेलेला आवाज आणि गर्दीत हरवणं. तिघांची कारणं निराळी आहेत. पिकअप बदलून त्यातलं एक नक्की सुटतं, दुसरं कधी सुटतं कधी नाही, आणि तिसरं तर चुकीचा पिकअप घेतलात की वाढतं. माझ्याकडे येणारे बहुतेक गिटारवाले ऑगस्टच्या शेवटी येतात, नवरात्र तोंडावर असताना, आणि मॉडेलचं नाव ठरवूनच येतात. त्यांना मी पहिला प्रश्न विचारतो तोच तुम्हाला विचारतो: मैदानात तुमची गिटार नक्की कशात लावता?

गरब्याच्या स्टेजवर गिटारचा अँप क्वचितच असतो. साउंडवाला एक डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरजोगा करणारा डबा) पुढे सरकवतो किंवा सरळ मिक्सरची वायर हातात देतो. इथेच अर्धा आवाज जातो. साध्या, म्हणजे पॅसिव्ह पिकअपला पुढे साधारण १० लाख ओम रोधाचा इनपुट लागतो, गिटार अँपला तो असतोच. ट्रान्सफॉर्मरवाल्या पॅसिव्ह डीआयचा इनपुट एक-दीड लाख ओमच्या घरात असतो आणि मिक्सरच्या लाइन इनपुटचा बहुधा दहा-वीस हजारांवर. एवढा भार पडला की पिकअपचा वरचा चमकदार भाग दबतो आणि पातळीही खाली येते. गिटार घरी बरी आणि मैदानात मेलेली वाटत असेल, तर नव्वद टक्के संशय इथेच धरा. जगातला सगळ्यात महाग पिकअप त्या जागी लावला तरी तो तसाच मरेल.

उपाय स्वस्त आहे. गिटारनंतर लगेच एक बफर (पुढचा भार पिकअपवर पडू न देणारं सर्किट) असलेला पेडल ठेवा. बॉसचे पेडल बंद असतानाही आतून बफर चालू ठेवतात, त्यामुळे त्यांचा साधा ट्यूनरही हे काम करतो. मल्टिइफेक्ट प्रोसेसर असेल तर गिटार थेट त्याच्या गिटार इनपुटमध्ये आणि तिथून पुढे मिक्सरला. प्रोसेसरमध्ये कॅबिनेट सिम्युलेशन (गिटार अँपच्या स्पीकरची नक्कल) चालू ठेवा, नाहीतर मैदानातल्या मोठ्या स्पीकरमधून गिटार पत्र्यासारखी टोचते.

वायरची लांबीही बघा. गिटारच्या केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. पिकअपची कॉइल आणि हा कपॅसिटन्स (वीज साठवण्याचा गुण) मिळून एक शिखर तयार होतं, म्हणजे एका ठरावीक पट्टीत आवाज जास्त उठतो आणि तिच्या वर झपाट्याने दबतो. त्या शिखराच्या जागेवर आवाजाचा स्वभाव बराचसा ठरतो. साध्या स्ट्रॅट पिकअपचा इंडक्टन्स (कॉइलचा चुंबकीय गुण, हेन्रीत मोजतात) सव्वादोन हेन्रीच्या आसपास. ३ मीटर केबलवर त्याचं शिखर सुमारे ५ हजार हर्ट्‌झला येतं, १० मीटरवर ३ हजारांच्या जवळ. ८ हेन्रीच्या जोरदार पिकअपचं गणित त्याच १० मीटर केबलवर केलं तर शिखर १७०० हर्ट्‌झला येऊन बसतं. हा आकडा लक्षात ठेवा, दुकानदाराच्या सल्ल्याकडे येताना लागेल.

आता हमिंग. कारण न शोधता तांब्याची पट्टी चिकटवत बसणारे पुष्कळ आहेत. घरी अँप लावा, नुसता नेक पिकअप निवडा आणि गिटार गळ्यात घालून हळूहळू एका जागी गोल फिरा. फिरताना हमिंग कमी-जास्त होत असेल तर ते चुंबकीय आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, तेव्हा ट्रान्सफॉर्मर, अडॅप्टर, जनरेटर यांच्याभोवतीचं बदलतं क्षेत्र सिंगल कॉइल जसंच्या तसं पकडते. तांब्याच्या पट्टीचा यावर काही उपयोग नाही, चुंबकीय क्षेत्र तिच्यातून आरपार जातं. याउलट तारांना हात लावताच आवाज खाली बसत असेल तर ती विद्युत क्षेत्रातून येणारी भणभण आहे. डिमर, एलईडीच्या झालरी, स्वस्त पॉवर सप्लाय ही तिची घरं. तिला गिटारच्या आतल्या पोकळीत नीट जोडलेली तांब्याची पट्टी किंवा कंडक्टिव्ह रंग खरोखर रोखतात. गरब्याच्या मंडपात हे दोन्ही प्रकार एकत्र असतात, म्हणून तिथे निदान करायला जाऊ नका.

एक सावधगिरी इथेच सांगून टाकतो. गिटारच्या तारेला हात आणि माइकला ओठ लागल्यावर चटका बसत असेल, तर तो पिकअपचा प्रश्नच नाही, स्टेजच्या अर्थिंगचा आहे आणि जीवावर बेतू शकतो. इलेक्ट्रिशियनला बोलवायला लावा. हमिंग कमी होतं म्हणून प्लगची तिसरी पिन काढणाऱ्या साउंडवाल्याचं ऐकू नका, तो कितीही जुना असला तरी.

चुंबकीय हमिंगवरचा मूळ तोडगा जुना आहे. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला. एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या दोन कॉइल्स, त्यांची चुंबकीय दिशाही उलट. तारेचा आवाज बेरजेत येतो आणि बाहेरून आलेलं हमिंग वजाबाकीत जातं. हीच युक्ती तुमच्या गिटारच्या स्विचमध्येही दडलेली असू शकते. मधला पिकअप उलट गुंडाळीचा असेल तर स्विचच्या चार नंबरला (ब्रिजकडून मोजता), म्हणजे मधला आणि नेक एकत्र वाजतात तिथे, हमिंग जवळपास नाहीसं होतं. (मूळ १९५४ च्या स्ट्रॅटला तीनच जागांचा स्विच होता. वाजवणारे तो मध्येच अडकवून ठेवायचे. फेंडरने पाच जागांचा स्विच १९७७ मध्ये दिला.) तुमच्या गिटारचा मधला पिकअप तसा आहे का ते अर्ध्या मिनिटात कळतं. चार नंबरवर ठेवा, मग नुसता मधला. चार नंबरवर शांतता आणि मधल्यावर हमिंग, तर मधला उलट गुंडाळीचा. दोन्हीकडे सारखंच, तर नाही. तुमची सगळी खरेदी या एका चाचणीवर ठरणार आहे, म्हणून ती आजच करा.

पिकअपची उंचीही बघून घ्या, यात पैसे लागत नाहीत. कारखान्यातून आलेल्या स्वस्त गिटारीत ती बहुतेकदा चुकलेली असते. तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि पिकअपच्या खांबापासून (प्रत्येक तारेखालच्या धातूच्या गोल टोकापासून) तारेपर्यंतचं अंतर मोजा. सिंगल कॉइलला जाड तारेखाली २.४ मिमी आणि पातळ तारेखाली २ मिमी इथून सुरुवात करा. ब्रिजच्या हंबकरला १.६ ते २ मिमी. सिंगल कॉइल फार जवळ आला तर चुंबक तारेलाच ओढतो, वरच्या फ्रेटवरचे स्वर हेलकावतात आणि गिटार बेसूर वाटते. जाड तारेचा ढबढबाट कमी करायचा असेल तर ती बाजू आणखी अर्धा मिमी खाली घ्या. ‘आवाज मेलेला आहे’ म्हणून आलेल्या कित्येक गिटारी मी फक्त स्क्रू ड्रायव्हर फिरवून परत पाठवल्या आहेत. अर्थात तारा गंजलेल्या असतील तर हेही फुकट. बडोद्याच्या पावसाळ्यात भिंतीवर टांगून ठेवलेल्या गिटारच्या तारा सप्टेंबरपर्यंत जेमतेम ओळख सांगतात.

एवढं करूनही पिकअप बदलावेसे वाटले, तर आता दुकानदाराच्या १६ किलो-ओमकडे वळू.

हा आकडा म्हणजे कॉइलच्या तारेचा डीसी रोध. मल्टिमीटरने सहज मोजता येतो, म्हणून सगळे त्यावर भांडतात. पण रोध तारेची लांबी आणि जाडी सांगतो, आवाजाची ताकद सांगत नाही. तार पातळ घेतली की तेवढ्याच वेढ्यांत रोध चढतो. फेंडरच्याच टेलिकास्टर गिटारचा नेक पिकअप ४३ गेजच्या पातळ तारेचा असल्यामुळे त्याचा आकडा ब्रिजच्या बरोबरीने किंवा वरही जातो, आणि आवाज मात्र तो हळूच देतो. शिवाय तांब्याचा रोध तापमानाबरोबर अंशामागे जवळजवळ ०.४ टक्के वाढतो. जानेवारीच्या सकाळी १५ अंशाला ८ किलो-ओम दाखवणारा पिकअप मे महिन्यात ४२ अंशाला जवळपास ८.८ दाखवेल. उन्हाळ्यात मोजला म्हणून तो हॉट झाला का? एकाच कंपनीचे, एकाच चुंबकाचे, एकाच जाडीच्या तारेचे दोन पिकअप शेजारी ठेवायचे असतील तर हा आकडा कामाचा. बाकी वेळी इंडक्टन्स विचारा. काही उत्पादक तो छापतात.

तरी १६ किलो-ओमचे पिकअप जोरदार असतात हे खरं आहे. सीमोर डंकन या पिकअप कंपनीचा जेबी त्याच घरातला, आणि ट्यूब अँपला ढकलून रॉकचा सोलो काढायला उत्तम. तुमच्या कामाला मात्र मी तो देणार नाही. गरब्यात गिटारचं काम बहुतेक वेळ तालाचं असतं. हिंच या गरब्याच्या ठेक्यात उजव्या हाताचे तुटक फटके, मधूनच दाबलेली ‘चिक्’, कीबोर्डच्या मधल्या जागेत एखादी छोटी फ्रेज. खाली ढोल आणि बेस आहे, मध्ये कीबोर्डचे पॅड आणि गायक, वर ऑक्टोपॅड आणि मंजिरे. तुम्हाला मोकळी पट्टी मिळते ती २ ते ५ हजार हर्ट्‌झच्या आसपास. वर काढलेला १७०० हर्ट्‌झचा आकडा आठवा: जोरदार पिकअप लांब वायरवर नेमका त्या पट्टीच्या खाली, गायक आणि कीबोर्डच्या राड्यात जाऊन बसतो. फटक्याची धारच दबते, म्हणून तो मोठा वाजतो आणि तरी कमी ऐकू येतो. मग वादक आवाज वाढवतो, साउंडवाला खाली ओढतो, आणि नऊ रात्री हाच खेळ.

म्हणून ब्रिजला मध्यम ताकदीचा हंबकर घ्या. १९५० च्या दशकातल्या गिब्सन धाटणीचा, ४२ गेजची तार, रोध ८ किलो-ओमच्या आसपास, अल्निको ५ चुंबक. सीमोर डंकनचा ‘फिफ्टी-नाइन’ हे याचं ठरलेलं उदाहरण. डिमार्झिओ या दुसऱ्या कंपनीकडेही या जातीचे आहेत. घरी रॉक वाजवताना कमी पडणारी ताकद पेडल देतो. जोरदार पिकअपमधून हरवलेली धार मात्र कुठलाच पेडल परत आणत नाही. तुम्ही वर्षभर फक्त जड रॉक वाजवत असता आणि नवरात्र हा पाहुणा असता, तर मी डिमार्झिओच्या सुपर डिस्टॉर्शनबद्दल बोललो असतो. तुम्ही दिलेल्या वर्णनात तसं दिसत नाही.

चुंबकांबद्दल थोडक्यात. अल्निको २ मऊ, अल्निको ५ अधिक धारदार आणि घट्ट, सिरॅमिक सर्वांत ताकदवान. यावरून ‘सिरॅमिक म्हणजे स्वस्त आणि वाईट’ असं समजू नका, सुपर डिस्टॉर्शनमध्ये सिरॅमिकच आहे. स्वस्त गिटारीतल्या सिंगल कॉइलची अडचण वेगळी असते. तिथे लोखंडी खांबांखाली एक सिरॅमिक पट्टी चिकटवलेली असते. लोखंडामुळे इंडक्टन्स वाढतो आणि काचेसारखा स्वच्छ वरचा स्वर बोथट होतो. पिकगार्ड (पुढचं प्लास्टिकचं पान) उघडून पिकअप उलटा केलात की दिसेल. खाली पट्टी असेल तर ते पिकअप बदलून ऐकण्याजोगा फरक पडेल. खांबच चुंबक असतील तर फरक थोडा पडेल, घाई करू नका.

नेक आणि मधल्याचं काय करायचं, ते आधीच्या चाचणीवर. तुमच्या चार नंबरला शांतता मिळत असेल, तर मैदानात ताल चार नंबरवर वाजवा, सोलो ब्रिजच्या हंबकरवर. मग या वर्षी ते दोन्ही तसेच ठेवा. शांतता मिळत नसेल, तर नेक आणि मधला दोन्ही एकदम बदलायचे, नॉइजलेस जातीचे. ‘दोन्ही एकदम’ हे मुद्दाम सांगतो आहे. बरेच जण पैसे वाचवायला फक्त नेकला नॉइजलेस लावतात. मधला साधाच राहिला की चार नंबरला त्याचं हमिंग कापायला समोर उलटी कॉइल उरत नाही, आणि आधी शांत असलेली जागाही भणभणायला लागते. नॉइजलेसमध्ये दोन कॉइल्स एकावर एक रचलेल्या असतात, त्यात सिंगल कॉइलचा मोकळेपणा थोडा कमी होतो. घरी शांत खोलीत तो जाणवेल. मैदानात कुणालाही कळणार नाही, तुम्हालाही नाही. सिंगल कॉइलच्याच मापात बसणारे, दोन पट्ट्यांचे छोटे हंबकर हा दुसरा मार्ग, पण ते बहुतेक जोरदार आणि जाडसर असतात. नेकला तसा आवाज मला तरी नको वाटतो.

अ‍ॅक्टिव्ह सुचवणाऱ्या मित्राचं मत मात्र उडवून लावण्यासारखं नाही. ईएमजीसारख्या पिकअपच्या आतच प्रीअँप असतो, बाहेर येणारा सिग्नल लांब वायर आणि डीआयच्या भाराला दबत नाही, हमिंगही नगण्य. गरब्याच्या स्टेजला ते खरंच सोयीचे आहेत. अडचण तुमच्या बजेटची आहे. तिन्ही पिकअप बदलावे लागतील, पॉटही (आवाज-टोनच्या नॉबखालचे भाग) २५ किलो-ओमचे, वायर काढली की बॅटरी तोडणारा जॅक, आणि ९ व्होल्टच्या बॅटरीला पोकळीत जागा. वायर जॅकमध्ये राहिली की बॅटरी संपत राहते. रात्री दोनला घरी येऊन ती उपटायची आठवण ठेवणारा शिस्तीचा माणूस असाल तर पुढच्या वर्षी विचार करा.

पैशांचा क्रम मी असा लावेन. नव्या तारा, पिकअपची उंची आणि तांब्याची पट्टी आधी, यात फारसा खर्च नाही. त्यानंतर बफरचा पेडल. उरलेल्या रकमेत एक चांगला ब्रिज हंबकर. आयात केलेल्या नामांकित पिकअपला तुमच्या बजेटचा मोठा हिस्सा लागेल, त्यामुळे एकाच वेळी तिन्ही जागा भरायच्या म्हणून तीन सुमार पिकअप घेऊ नका. आपल्या देशात हाताने पिकअप गुंडाळून देणारे कारागीर आहेत. तार, चुंबक आणि वेढ्यांबद्दल सरळ उत्तर देणारा सापडला तर त्याच्याकडून घ्यायला माझी हरकत नाही.

मागवण्याआधी मापं घ्या. ब्रिजच्या हंबकरच्या पहिल्या ते सहाव्या खांबाचं अंतर मोजा आणि ब्रिजवर तारांची रुंदीही. जुन्या गिब्सन मापाचा हंबकर ५० मिमीच्या आसपास असतो, ट्रेमोलोवाल्या (हलत्या ब्रिजच्या) गिटारींसाठीचा ५३ मिमीच्या जवळ. तारा रुंद असतील तर रुंदच घ्या. आवाजात फार फरक पडत नाही, पण कडेच्या तारा खांबाबाहेर दिसल्या की रोज डोळ्यांत सलतं. पोकळीची खोलीही तपासा, स्वस्त गिटारीत हंबकरचे पाय तळाला टेकतात. पॉट मल्टिमीटरने मोजा. हंबकरला ५०० किलो-ओमचा लागतो, २५० असेल तर नवा पिकअपही दबका वाटेल. छापील आकड्यापेक्षा वीस टक्के इकडे-तिकडे चालतं.

वायरिंग स्वतः करणार असाल तर जुनी जोडणी सुटी करण्याआधी मोबाइलवर तीन-चार बाजूंनी फोटो काढा. सोल्डरिंग आयर्न ४० ते ६० वॅटचा घ्या. २५ वॅटचा पॉटच्या पाठीवर ऊब पोचवायला इतका वेळ घेतो की पॉट आतून जळतो. रंगांचा नियम कंपनीगणिक बदलतो. डंकनमध्ये काळी वायर सिग्नलची, हिरवी ग्राउंड, लाल आणि पांढरी एकमेकींना. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, हिरवी ग्राउंड, काळी आणि पांढरी एकमेकींना. जोडल्यावर दोन नंबरला (ब्रिज आणि मधला एकत्र) आवाज अचानक पोकळ आणि किरटा झाला, तर पिकअप खराब नाही, फेज उलटी आहे, म्हणजे दोन पिकअप एकमेकांचा आवाज कापताहेत. नव्या पिकअपच्या सिग्नल आणि ग्राउंडच्या वायरींची अदलाबदल करा. वेगळी शील्डची वायर असेल ती मात्र ग्राउंडलाच राहू द्या.

हे सगळं नवरात्राच्या निदान तीन आठवडे आधी आटपा, म्हणजे एक-दोन रिहर्सलमध्ये गिटार वाजवून उंची पुन्हा बसवता येईल. जुने पिकअप विकू नका, पिशवीत नाव लिहून ठेवा. आणि चार नंबरची चाचणी, खांबांचं अंतर आणि मैदानात गिटार कशात लावता, एवढं कळवा. ते हातात आल्यावर नेमकं मॉडेल आणि वायरिंगचा नकाशा दोन्ही देईन.